विहीर आणि मोटर

१९२५ साली साकिची तोयोदा यांनी दहा लाख येनचं बक्षीस जाहीर केलं. यंत्रमागांमुळे त्यांचं नाव तेव्हा जपानभर झालं होतं. मोटारी बनवणारी टोयोटा कंपनी निघायला अजून बारा वर्षं होती. बक्षीस मात्र मागासाठी नव्हतं, बॅटरीसाठी होतं. शंभर अश्वशक्तीचा जोर सलग छत्तीस तास पुरवील, वजनाला सव्वादोनशे किलोच्या वर जाणार नाही आणि विमानातसुद्धा बसवता येईल, अशी बॅटरी त्यांना हवी होती. जपानच्या पोटात तेल नाही, पण डोंगरातून कोसळणारं पाणी भरपूर आहे. त्या पाण्याची वीज साठवता आली तर देशाला तेलासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मी एका रविवारी ते गणित मांडून बघितलं. शंभर अश्वशक्ती छत्तीस तास, म्हणजे जवळपास २,६५० युनिट वीज. ती सव्वादोनशे किलोत बसवायची तर बॅटरी जवळजवळ पेट्रोलइतकी दाट हवी. या हिवाळ्यात आम्ही घ्यायला निघालेल्या गाडीच्या बॅटरीत मावते ७४.७ युनिट. शंभर अश्वशक्तीचा जोर सतत लावला तर ती तासाभरात रिकामी होईल. साकिचींना हवे होते छत्तीस तास. शंभर वर्षांनी आपण एका तासाशी पोचलो आहोत. उलट नुसत्या जोराचं म्हणाल, तर त्यांनी मागितलेल्या शंभरच्या दुपटीहून जास्त अश्वशक्ती त्याच गाडीच्या साध्या प्रकारात मिळते, आणि ते मोटर बनवणाऱ्यांना फारसं अवघडही गेलेलं नाही.

जोर स्वस्त झाला, साठा महागच राहिला. गाडी निवडताना मला जे काही कळलं ते या एका गोष्टीभोवती फिरतं.

आम्ही नागोयात बरीच वर्षं आहोत. मी इचलकरंजीची. कारियाजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते. नवरा संगणकाच्या क्षेत्रात आहे. मुलगी यंदा अठरा वर्षांची झाली आणि लगेच ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागली. जुनी पेट्रोलची गाडी तिसऱ्यांदा तपासणीला न्यायची वेळ आली, तेव्हा आता विजेचीच घ्यायची असं तिघांचं एकमत झालं. पुढचं एकमत व्हायला मात्र वेळ लागला.

टोयोटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली बीझेड-फोर-एक्स ही गाडी पुष्कळ सुधारून जपानच्या बाजारात आणली. ती आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, टोयोटा शहरातल्या मोतोमाची कारखान्यात तयार होते. तिच्या वरच्या श्रेणीत दोन प्रकार आहेत. एकात पुढच्या चाकांना एकच मोटर, ताकद १६७ किलोवॅट. दुसऱ्यात मागेही एक मोटर, दोन्ही मिळून २५२ किलोवॅट. थांबलेली गाडी ५.१ सेकंदांत शंभरच्या वेगाला जाते. बॅटरी दोन्हींत तीच. एका चार्जवर कागदोपत्री पल्ला साध्या प्रकाराचा ७४६ किलोमीटर, जोरकस प्रकाराचा ६८७. किमतीत फरक पाच लाख येनचा.

नवऱ्याचं मन याच्याही पुढे धावत होतं. टेस्लाच्या मॉडेल थ्रीमध्ये हा फरक फार ठळक आहे. मागच्या चाकांवर चालणारा साधा प्रकार शंभरचा वेग ६.१ सेकंदांत गाठतो, परफॉर्मन्स प्रकार ३.१ सेकंदांत. याच परफॉर्मन्सशेजारी त्यांचा लांब पल्ल्याचा दोन मोटरींचा प्रकार ठेवला की युरोपच्या मोजणीत पल्ला शंभर किलोमीटरने उतरलेला दिसतो. ही घट कुठून येते हे मला कामामुळे नीट माहीत आहे, म्हणून सांगते. मोटर ताकदवान आहे एवढ्याने गाडी एकसारख्या वेगाने जाताना जास्त वीज खात नाही. खातात ती वीस इंची चाकं आणि रुंद, रस्त्याला घट्ट धरणारे टायर. उलट मोठ्या मोटरीचा एक फायदाही आहे: वेग कमी करताना किंवा घाट उतरताना ती जास्त वीज परत बॅटरीत घालू शकते. तेव्हा जोराची गाडी म्हणजे उधळी गाडी, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल.

आणि तिच्यात बसल्यावर जे होतं तेही खरं आहे. एका ओळखीच्यांनी आपली परफॉर्मन्स प्रकारातली गाडी मला चालवायला दिली. सिग्नल सुटला, पाय टेकवला, आणि पाठ सीटमध्ये रुतली. इंजिनाचा चढता आवाज नाही, गिअर बदलण्याची उसंत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला आपला पूर्ण जोर दाखवायला आधी फिरत फिरत वर चढावं लागतं. विजेची मोटर उभ्या जागीच पूर्ण ताकदीने ओढते. छातीत काहीतरी लखकन हललं. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं, त्यामुळे तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. विजेचं आणि वेगाचं नातंही आजचं नाही. माणूस गाडीतून ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पहिल्यांदा गेला तो २९ एप्रिल १८९९ रोजी, पॅरिसजवळ, आणि ती कामिय जेनात्सीची गाडी विजेची होती.

पण साठची मर्यादा मी दोन सेकंदांच्या आसपास गाठली होती. पुढचा सिग्नल तांबडा होता. तिथे माझ्या शेजारी एक पिवळ्या पाटीची केई, म्हणजे जपानातल्या सर्वांत छोट्या वर्गातली, गाडी सावकाश येऊन थांबली, आणि आम्ही दोघी एकाच वेळी हिरव्याची वाट बघत उभ्या राहिलो.

नागोयाचे रस्ते हा या गोष्टीतला मोठा भाग आहे. १९४५च्या हवाई हल्ल्यांत हे शहर जळालं. मे महिन्यात किल्लाही गेला. लाकडी घरांची दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, त्यामुळे आग एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात सहज उडी मारत गेली. युद्ध संपल्यावर पुनर्बांधणीची सूत्रं जुरो ताबुची या अभियंत्याकडे आली आणि त्यांनी शहराच्या पोटातून शंभर मीटर रुंदीचे दोन रस्ते काढले: उत्तर-दक्षिण हिसाया-ओदोरी आणि पूर्व-पश्चिम वाकामिया-ओदोरी. पुन्हा आग लागली तर ती एका चौथाईत अडावी, दुसरीकडे जाऊ नये, हा हेतू. युद्धानंतर जपानात एवढा रुंद रस्ता आणखी फक्त एकाच शहरात निघाला, हिरोशिमात. जागा मोकळी करण्यासाठी शहरातल्या अडीचशेहून अधिक बौद्ध मंदिरांची थडगी उचलून पूर्वेला चिकुसा भागातल्या हेइवा उद्यानात नेली. लाखाहून अधिक थडगी. आपल्या पितरांना जागा बदलायला लावणं सोपं नसतं. लोकांनी ते केलं, कारण जळालेलं शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या शंभर मीटरांतला मोठा वाटा मोटारींच्या वाट्याला आलेलाच नाही. हिसाया-ओदोरीच्या मधोमध उद्यान आहे. १९५४ साली उभा राहिलेला टीव्ही टॉवर आहे. संध्याकाळी हिरवळीवर मुलं लोळत असतात. गाड्या कडेने जातात. तरीही शहरभर रस्ते रुंद आणि सरळ असले की पाय जड होतो. इथे त्या प्रकाराला नावच आहे, नागोया-बाशिरी, म्हणजे नागोयाची चाल: पिवळा दिवा दिसला की वेग वाढवायचा, इशारा न देता मार्गिका बदलायची, तांबडा लागल्यावरही दोनचार गाड्या निघून जायच्या. २००३ ते २०१८ अशी सलग सोळा वर्षं रस्त्यावरच्या मृत्यूंत नागोयाचा आइची प्रांत देशात पहिला होता. गाड्याच इथे सर्वांत जास्त, हे एक कारण खरं. पण रोज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मला ते पुरेसं वाटत नाही. आग अडवायला ठेवलेली रुंदी माणसांनी घाई करायला वापरली, याचं मला वाईट वाटतं.

माझी मुलगी आता याच रस्त्यांवर उतरणार आहे. नव्या चालकाने वर्षभर गाडीला लावायचा हिरव्या-पिवळ्या पानाचा बिल्ला तिने आधीच आणून ठेवला आहे. सेल्समनने दोन्ही प्रकारांचे आकडे सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात तिचा उजवा पाय होता. साठऐवजी ऐंशीने जाणाऱ्या गाडीत थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त असते. साठच्या वेगात एक सेकंद दचकण्यात गेला की गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. २०१९च्या एप्रिलमध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात एका वृद्धाच्या चुकीच्या पेडलखाली एक तरुण आई आणि तिची लहान मुलगी गेली, तेव्हा सारा देश हादरला होता. तशी चूक कोवळा पायही करू शकतो. गाडीत सावरणारे संगणक आहेत, ब्रेक लावणारे कॅमेरे आहेत, मी स्वतः त्यातल्याच काही भागांच्या तपासणीवर काम करते. म्हणूनच मला माहीत आहे की त्यांच्यावर भिस्त ठेवण्याआधी त्यांना सावरायला वेळ मिळेल अशी गाडी निवडणं हे आपलं काम.

जपानने याचा विचार कधी केलाच नाही असं नाही. १९८८ साली रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडा पुन्हा दहा हजारांपलीकडे गेला. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा अश्वशक्तीच्या चढाओढीत होत्या. पुढच्याच वर्षी निसानची फेअरलेडी झेड २८० अश्वशक्ती घेऊन आली आणि तिथे सगळ्यांनी आपसांत रेघ ओढली: देशात विकायच्या गाडीला याच्यापेक्षा जास्त नको. कायदा नव्हता, समजूत होती. ती २००४ पर्यंत टिकली. मग होंडाची लेजंड ३०० घेऊन बाहेर पडली आणि रेघ पुसली गेली. केई गाड्यांची रेघ मात्र अजून आहे. १९८७च्या सुझुकी अल्टो वर्क्सपासून चालत आलेली ६४ अश्वशक्तीची मर्यादा आजच्या विजेच्या निसान साकुरालाही लागू आहे. त्या सिग्नलवर माझ्या शेजारी येऊन थांबलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीलाही.

त्या २८०च्या समजुतीबद्दल जाणकार हसून सांगतात की काही गाड्यांत कागदावर २८० आणि आत त्याहून बरंच जास्त असायचं. असेल. तरी स्पर्धेत असलेल्या कंपन्या एका टेबलाशी बसून ‘इथे पुरे’ म्हणू शकल्या, ही गोष्ट मला मोठी वाटते. आज विजेच्या मोटरीने अश्वशक्ती इतकी सोपी केली आहे की आठवड्याचं वाणसामान आणणाऱ्या घरगुती गाडीतही त्या रेघेच्या दुप्पट जोर सहज बसतो. रेघ ओढायला आता कुणी बसलेलं दिसत नाही. ती ज्याची त्याने ओढायची.

नवऱ्याशी बोलताना मला मामांची विहीर आठवली. कवठेमहांकाळ तालुक्यातली, काळ्या दगडात उतरलेली, उन्हाळ्यात तळ दाखवणारी. तिच्यावर पाचची मोटर होती, किर्लोस्करची. शेजारच्या मळ्यात साडेसातची आली, पाण्याचा लोट जाडजूड पडायला लागला आणि आमच्या मामेभावांनी हट्ट धरला. मामांनी एका वर्षी साडेसातची बसवली. पाट भरून वाहिला, बघायला फार छान वाटायचं. पण तासाभरात फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा, मोटर हवा धरायची, आणि पुन्हा झरे भरायची वाट बघत सगळे बांधावर बसायचे. पाचची मोटर लाईट असेपर्यंत चालायची आणि द्राक्षाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी जायचं. विहिरीत पाणी होतं तेवढंच होतं. मोटरीने ते वाढत नव्हतं, लवकर संपत होतं. मामांनी दोन हंगामांनी पाचची परत आणली आणि वाचलेल्या पैशांत विहीर आणखी खोल करून घेतली.

नवरा पुण्यात वाढलेला, त्याला विहिरीचं फारसं माहीत नाही. पण कारखान्याचं तर्कशास्त्र त्याला पटतं. मी त्याला म्हटलं, पाच लाख येन जोरावर घालवण्याऐवजी ते साठ्याच्या बाजूला घालू. त्याने विचारलं, साठ्याच्या बाजूला म्हणजे नेमकं कुठे? बॅटरी तर दोन्हींत तीच आहे.

त्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर आमच्या गल्लीत होतं.

आमचं घर नाकागावा भागात आहे, नागोयाच्या नैर्ऋत्येला. इथली बरीच जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. शेजारच्या आजी इथेच जन्मल्या. २६ सप्टेंबर १९५९च्या रात्री इसे उपसागरातलं वादळ आलं तेव्हा त्या शाळकरी होत्या. बंदराजवळच्या तलावांत परदेशातून आलेले लाकडाचे प्रचंड ओंडके तरंगत ठेवलेले असत. लाटांनी ते उचलले आणि घरांवर आणून आपटले. पाच हजारांहून अधिक माणसं गेली, युद्धानंतरच्या कुठल्याच वादळाने जपानात इतके बळी घेतलेले नाहीत. काही भागांत पाणी कित्येक आठवडे ओसरलं नाही. आजी पाण्याबद्दल थोडंच बोलतात, अंधाराबद्दल जास्त. कोण हाक मारतंय ते कळत नव्हतं, म्हणतात.

गंमत अशी की आमची गाडी ज्या मोतोमाची कारखान्यात तयार होते तो त्याच वर्षी, वादळाच्या आदल्याच महिन्यात सुरू झाला. त्याच वर्षी कोरोमो या जुन्या गावाचं नाव बदलून टोयोटा शहर झालं. एकाच वर्षात या मुलखाने मोटारीचं नाव घेतलं आणि समुद्राने त्याच मुलखाचं दार फोडलं. इथे राहणाऱ्याला नानकाई खंदकाच्या मोठ्या भूकंपाचंही भान ठेवून जगावं लागतं. घराघरांत पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, सुका भात भरलेली पिशवी दाराशी ठेवलेली असते. शाळेत, कारखान्यात, वसाहतीत सराव होतात.

तर साठ्याची बाजू ही. जपानात विजेच्या गाडीतली वीज उलट घरात घेण्याची सोय २०१२ पासून आहे. २०११च्या भूकंपानंतर निसानने आपल्या लीफ गाडीसाठी ती प्रथम बाजारात आणली. २०१९ साली चिबा प्रांतात वादळाने विजेचे खांब पाडले, कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली, तेव्हा लीफ गाड्या तिथे नेऊन त्यांच्यातून पंखे, फ्रिज आणि फोन चालवले गेले. इथल्या साध्या घराला दिवसाला बारा युनिट लागतात असं धरतात. ७४.७ युनिटची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काटकसर न करताही पाच-सहा दिवस घर उजेडात राहील; काटकसर केली तर त्याहून बरंच जास्त. त्यासाठी भिंतीवर एक यंत्र बसवावं लागतं, ते स्वस्त नाही. पाच लाख येन त्याच्याकडे वळवायचे, असा माझा प्रस्ताव होता.

मुलीने नेमका मुद्दा काढला. "आई, पण पाणी आलं तर गाडीच बुडेल ना?" बुडेल. म्हणून वादळाचा इशारा आला की गाडी आधी पूर्वेकडच्या चढावर न्यायची, असं आमचं ठरलं आहे. वादळ दोन-तीन दिवस आधी सांगून येतं. भूकंप सांगून येत नाही, पण त्यात आमच्या गल्लीचा पहिला प्रश्न उजेडाचा असेल. पाण्याचा प्रश्न आला तर तो नंतर, आणि तेव्हा आम्ही घर सोडून शाळेच्या इमारतीत गेलेले असू. सगळ्या संकटांना पुरेल अशी कुठलीच वस्तू नसते. त्यातल्या काहींना पुरेल ती घ्यायची.

एका गोष्टीत जोरकस प्रकाराची बाजू खरोखर भक्कम होती: बर्फ. हिवाळ्यात इबुकी डोंगरावरून वारा उतरतो, नागोयातही एखाद्या सकाळी रस्ता पांढरा होतो, आणि आम्हाला ताकायामा, शिराकावा-गोकडे जायला आवडतं. तिकडे जाणारा द्रुतगती मार्ग मात्सुनोकी खिंडीजवळ १,०८५ मीटर उंचीवरून जातो. चारही चाकांना ओढ असलेली गाडी तिथे निश्चिंत चालते. यावर आम्ही बराच खल केला. शेवटी हिवाळी टायर आणि सावकाश जाणं यावर तडजोड झाली. आम्ही डोंगरात राहत असतो, ताकायामात घर असतं, तर मी दुसरा प्रकार घेतला असता आणि त्याबद्दल दोनदा विचार केला नसता.

माझ्या कार्यालयातल्या एका पुणेकर मित्राने मात्र विजेचीच, पण पूर्ण ताकदीची गाडी घेतली, आणि ते मला योग्य वाटतं. तो सुट्टीच्या दिवशी सुझुकाला जातो. नागोयापासून दीडेक तासावर, मिए प्रांतात, होंडाने १९६२ साली बांधलेला तो वळणांचा रस्ता आहे, जवळपास ५.८ किलोमीटरचा फेरा, एका जागी स्वतःलाच ओलांडून जाणारा. तिथे हेल्मेट आहे, झेंडे दाखवणारी माणसं आहेत, पळायला जागा आहे आणि समोरून सायकलवर कुणी शाळकरी मुलगा येत नाही. तो सांगतो की पहिल्या काही फेऱ्यांनंतर बॅटरी तापते आणि गाडी आपला जोर स्वतःहून आवरता घेते. मग तो थांबतो, गाडी थंड होऊ देतो, चहा पितो. मला तो एकदा शेजारच्या सीटवर घेऊन गेला. त्या वळणांत दोन्ही बाजूंनी खेचलं जाताना मला फार आनंद झाला, आणि घरी परतताना तोच मित्र द्रुतगती मार्गावर डाव्या मार्गिकेत नव्वदने शांतपणे चालला होता. ज्याच्याजवळ त्या जोराची जागा आहे त्याने तो घ्यावा.

साकिचींचं आणखी एक काम इथे सांगायला हवं. नागोयाच्या निशी भागात, त्यांच्या जुन्या सूतगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत, १९९४ साली टोयोटाचं औद्योगिक संग्रहालय झालं. तिथे त्यांचा १९२४चा जी प्रकारचा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. इचलकरंजीच्या पोरीला मागाचा खडखडाट काय नवा? विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि आमच्या घराच्या भिंती त्या आवाजाने रात्रंदिवस थरथरायच्या. पण आमच्याकडच्या जुन्या मागांवर धागा तुटला तरी माग चालतच राहायचा, वार वार कापड डागी व्हायचं, आणि कारागीर दोन-चार मागांमध्ये पळत राहायचा. साकिचींच्या मागावर एक धागा तुटला की माग आपोआप उभा राहतो. संग्रहालयातल्या बाईंनी बोटाने एक धागा तोडला. खाड्‌कन सगळं थांबलं. या थांबण्यामुळे एक माणूस डझनावारी माग बघू शकला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांचा करार करून त्याचे हक्क घेतले. मोटारीच्या उद्योगाची पाळंमुळं त्या मागात आहेत.

मी तिथे नवऱ्याला आणि मुलीला मुद्दाम घेऊन गेले होते. मुलीने तो धागा तोडण्याचा प्रकार परत बघायला मागितला. बाहेर पडताना नवरा म्हणाला, "बरं, एका मोटरीची घेऊ." विहिरीमुळे की मागामुळे, मी विचारलं नाही.

मामांच्या मोटरीवरचं किर्लोस्कर हे नाव आणि आमच्या गाडीची टोयोटा, हे दोन उद्योग १९९७ साली कर्नाटकातल्या बिडदीत एकत्र आले, आणि २०२४च्या जुलैत छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचा कारखाना काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. मराठवाड्यातली पोरं उद्या माझ्यासारखंच गाड्यांचं काम करतील, आणि त्यांच्याही समोर साध्या आणि जोरकस गाडीची अशीच दोन पत्रकं येतील. तिकडचा समृद्धी महामार्ग रुंद आणि सरळ आहे, गाड्यांना १२०ची मुभा आहे. आणि आपल्या देशात रस्त्यावर वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं जातात. जपानात २०२४ साली हा आकडा २,६६३ होता. गाडीची जाहिरात सेकंद सांगते. विकत घेणाऱ्याने पल्ला विचारावा, चार्जिंगला लागणारा वेळ विचारावा, टायर किती वर्षं जातात ते विचारावं, आणि आपण राहतो तिथे वीज जाते का, हे स्वतःला विचारावं. लातूर-धाराशिवच्या घरात उन्हाळ्यात रात्रभर पंखा आणि पाण्याची मोटर चालवू शकणारी गाडी तीन सेकंदांच्या गाडीपेक्षा मला कितीतरी जास्त परफॉर्मन्सची वाटते. आपल्याकडे घराला उलट वीज देण्याची सोय अजून रुळलेली नाही. तिच्यासाठी ग्राहकांनीच मागणी लावून धरायला हवी.

गेल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन घर बघून गेला. रात्री आठ तास तीन किलोवॅटने चार्ज केलं तर चोवीस युनिट भरतात, आमचं रोजचं जाणं-येणं भागून उरेल एवढे. भिंतीवरचं यंत्र सहा किलोवॅटपर्यंत वीज परत देईल. वीज गेल्यावर पहिल्या कुठल्या खोल्या चालू ठेवायच्या, असं त्याने नकाशावर बोट ठेवून विचारलं. स्वयंपाकघर, फ्रिज, मुलीची खोली, राउटर. मग मी त्याला घराच्या पूर्वेच्या कडेला नेलं, जिथे आमचं आणि आजींचं कुंपण एक होतं. तिथे बाहेरच्या बाजूला, पावसाचं झाकण असलेले दोन प्लग हवेत, आणि ते कुंपणावरून हात पोचेल एवढ्या उंचीवर हवेत, असं सांगितलं. त्याने फूटपट्टी लावून खूण केली आणि अंदाजपत्रकात एक ओळ वाढवली. आजी तिकडून बघत होत्या. त्यांना ऑक्सिजनचं यंत्र लागत नाही, फक्त रात्री दिवा आणि रेडिओ लागतो, असं त्यांनी त्याला स्वतःच सांगितलं, आणि त्याने तेही लिहून घेतलं.